पोरबंदर १३० मैल: मस्कत ते मुंबई प्रवासातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

या प्रकरणात कोणी बुडालं नाही, डोलकाठी मोडली नाही, तटरक्षक दलाला निघावं लागलं नाही. म्हणूनच ते लिहायला घेतलं. मोठ्या वादळांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' उलटली, दोन्ही डोलकाठ्या गेल्या, पाठीला जबर मार बसला आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण चौदा मीटरच्या लाटेपुढे माणसाच्या हातातले बहुतेक निर्णय संपलेले असतात. शिडाच्या बोटीने लांबचा प्रवास करणाऱ्या सामान्य माणसाला भेटतं ते याहून बरंच सौम्य हवामान: तीस-पस्तीस नॉट्सचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा, साडेतीन-चार मीटरच्या लाटा, दोन माणसं आजारी आणि नकाशावर खुणावणारं एक बंदर. अशा वेळी निर्णय भरपूर असतात, आणि चुकायला जागाही तितकीच.

बोटीची लॉगबुक, फोनमधले मेसेज आणि सगळ्यांशी झालेल्या गप्पा यांवरून हे लिहिलं आहे. नावं मुद्दाम गाळली आहेत.

माणसं, बोट आणि कारेलीबागेतला एक फोन

बोट १२ मीटर लांबीची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची, खाली फिन कील, म्हणजे बुडाखालचा आखूड, माशाच्या परासारखा पाता. मालक बडोद्याचे, रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. बोट त्यांनी मस्कतला विकत घेतली आणि मुंबईला आणायची ठरवली. अंतर साधारण ८६५ सागरी मैल, म्हणजे साडेसहा-सात दिवस. सोबत बहिणीचा मुलगा, सत्ताविशीतला. तिसरे मालकांचे बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतले वर्गमित्र, ज्यांनी मुंबईला शिडाच्या बोटीचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. चौथा कॅप्टन, मूळचा वेंगुर्ल्याचा, अशा बोटी इकडून तिकडे पोचवण्याचं काम करणारा.

पाचवा माणूस बोटीवर नव्हता, पण या प्रकरणात त्याचा वाटा कॅप्टनच्या खालोखाल आहे. मालकांचे थोरले बंधू, घरातले अण्णा, बँकेतून निवृत्त, राहायला कारेलीबागेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं. जमिनीवर एवढा पाऊस पाडलेला तोच पट्टा पुढे कच्छच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ ही दुर्मीळ गोष्ट. त्याआधीचं १९७६ सालचं. तेव्हापासून अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ विंडी हे हवामानाचं ॲप उघडून बसतात. त्यामुळे धाकट्या भावाने किनाऱ्यावरचा संपर्क म्हणून त्यांनाच नेमलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. आकडे वाचण्यात अण्णा बोटीवरच्या तिघांपेक्षा पुढे होते.

संपर्काचं साधन एकच, इनमारसॅटचा उपग्रह फोन. आपल्या हद्दीत थुरया किंवा इरिडियमचा फोन विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी परदेशी खलाशी अडकल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मालकांनी बीएसएनएलमार्फत रीतसर घेतलेला संच नेला. मेसेज रोमन लिपीत टंकायचे, कारण देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० अक्षरं मावतात आणि रोमनमध्ये १६०. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बोटीने जागा कळवायची, अण्णांनी पुढच्या चोवीस तासांचा वारा कळवायचा. एवढंच ठरलं होतं. मेसेज आला नाही तर काय, हे ठरलं नव्हतं.

वारा कुठून आला

हिवाळ्यात अरबी समुद्राचा उत्तर भाग शांत असतो, ही समजूत बरीचशी खरी आहे. ईशान्येचा दहा-पंधरा नॉट्सचा वारा, स्वच्छ आकाश. पण इराण-पाकिस्तानवरून पश्चिमी विक्षोभ सरकतात तेव्हा त्यांच्या मागून थंड, कोरडा वायव्य वारा समुद्रावर उतरतो. आखातात त्याला शमाल म्हणतात. जोर असला तर तो ओमानच्या आखातातून बाहेर पडून मकरान, सौराष्ट्रापर्यंत पोचतो. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत आणि सौराष्ट्रात आकाश पिवळट झालं, गाड्यांवर धुळीचा थर बसला, ते आठवत असेल. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अशाच वाऱ्याबरोबर आली होती. किनाऱ्यावर तो एक दिवसाचा वैताग. समुद्रावर तोच वारा चोवीस-तीस तास सलग वाहतो आणि त्याला लाट उभारायला शेकडो मैल मोकळं पाणी मिळतं.

पहिले तीन दिवस सांगण्यासारखे नाहीत. रास अल हद्द हे ओमानचं पूर्वेचं टोक ओलांडलं, मासे गळाला लागले नाहीत, भाचा दुसऱ्या दिवसापासून मळमळत होता. त्याने घरून आणलेला लिलो चिवडा रिकाम्या पोटी खाल्ला होता, आणि डोलत्या बोटीत तेलकट, आंबटगोड काही खाणं म्हणजे उलटीला निमंत्रण. सिनॅरिझिनची गोळी त्याच्याजवळ होती. ती त्याने मळमळ सुरू झाल्यावर घेतली. ही गोळी आधी घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा मेसेज आला: उद्या दुपारपासून वायव्य २५ ते २८, झोत ३८, परवा सकाळी दहापर्यंत. हा अंदाज उत्तम होता. म्हणजे पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी बोटीकडे जवळजवळ अठरा तास होते.

ते अठरा तास

माझ्या मते प्रकरणाचं मर्म इथे आहे, संध्याकाळच्या वादात नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वारा नैर्ऋत्येकडे झुकला, मंदावला आणि दहाच्या सुमारास झटक्यात वायव्येला फिरला. क्षितिजावर पिवळट धूसर पट्टा. बाराला २२ नॉट्स. बोट मुंबईच्या रोखाने, म्हणजे साधारण पूर्व-आग्नेयेला चालली होती. वारा पाठीमागून, किंचित डावीकडून. आठ नॉट्सचा वेग, ऊन, पाठीवर वारा. लॉगबुकमध्ये वर्गमित्रांच्या अक्षरात नोंद आहे: 'प्रवासातला सर्वोत्तम दिवस.'

पाठीवरचा वारा फसवतो. बोट आठ नॉट्सने वाऱ्यापासून पळत असेल तर २८ नॉट्सचा वारा अंगाला वीसचाच लागतो. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वीसचा तीस झाला की शिडावरचा भार दीडपट न होता सव्वादोनपट होतो. उत्तरायणाला ज्याने मोठा पतंग जोराच्या वाऱ्यात हातात धरला आहे त्याला हा फरक बोटांना कळलेला असतो. शिडाच्या बोटीवर तो ऑटोपायलटला कळतो, आणि ऑटोपायलट बोलत नाही. तो फक्त सुकाणू जास्त जास्त फिरवत राहतो.

दुपारी एक वाजता मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, पहिल्या रीफवर होतं (रीफ घेणं म्हणजे शीड एकेक टप्पा आवळून लहान करणं). तीनला वारा २८ झाल्यावर दुसरा रीफ घेतला. जीब, म्हणजे पुढचं शीड, अर्धं उघडंच ठेवलं, कारण गती छान होती आणि मालकांना मुंबई दिसत होती. वादळी जीब नावाचं लहानसं, जाड कापडाचं शीड पुढच्या कप्प्यात, पिण्याच्या पाण्याच्या कॅनखाली पिशवीत पडलं होतं. जेवण? दुपारी कोणी काही शिजवलं नाही, रात्रीसाठीही काही करून ठेवलं नाही. थर्मास रिकामे.

कॅप्टनचं म्हणणं असं, की तिसरा रीफ चार वाजता घ्यायचा असं मनात होतं. मला हे पटत नाही. अठरा तास आधी अंदाज हातात असताना, सगळ्यांचे हात कोरडे आणि पोट भरलेलं असताना, बाराच्या आत तिसरा रीफ घालून वादळी जीब लावून ठेवलं असतं तर बोट आठऐवजी साडेपाच नॉट्सने गेली असती, एवढाच तोटा. शीड कमी करायचा विचार पहिल्यांदा मनात येतो तीच त्याची वेळ, असं जुने खलाशी सांगतात. इथे तो विचार तीनदा येऊन गेला.

सव्वापाचला एक लाट मागच्या डाव्या कोपऱ्याखाली आली. बोटीचा मागचा भाग उचलला गेला, सुकाणूची पकड सुटली, बोट गर्रकन डावीकडे वळून लाटेला आडवी झाली आणि उजवीकडे कलंडली. बूम, म्हणजे मुख्य शिडाखालचा आडवा दांडा, पाण्याला लागला. दहा-बारा सेकंदांत ती पुन्हा उभी राहिली. पण मालक खाली केबिनमध्ये उभे होते ते पलीकडच्या ओट्यावर फेकले गेले, बरगड्यांना मार. ऑटोपायलटचं यंत्र करकरलं आणि बंद पडलं. वर्गमित्र हार्नेसने बांधलेले होते, ते कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या खळग्यात, गुडघाभर पाण्यात लटकले.

आता हिशेब असा: चारांपैकी भाचा निकामी, मालक अर्धे निकामी, सुकाणू हाताने धरावं लागणार, आणि सूर्य मावळायला पावणेदोन तास.

अण्णांचा मेसेज

सहा वाजून दहा मिनिटांनी बोटीने जागा कळवली. अण्णांना कलंडण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, फक्त 'ऑटोपायलट बंद, लाटा मोठ्या' असं. उत्तर लगेच आलं. मराठीत उतरवलं तर असं: 'विंडीवर सगळं लाल. पोरबंदर १३० मैल. आत शिरा. घरी सगळे घाबरलेत.'

पाच मिनिटांनी दुसरा: 'तुझी बायको म्हणते पोरबंदरला जा.'

हा वहिनींचा म्हणजे मालकांच्या पत्नीचा निरोप. घरातल्या बायकोचा शब्द समुद्रावर, बरगड्या दुखत असताना, अंधार पडताना येतो तेव्हा त्याचं वजन हवामान खात्याच्या इशाऱ्याहून जास्त असतं. मालक म्हणाले, "कॅप्टन, वळवा." भाचा बादलीशेजारून म्हणाला, "मामा, राफ्ट (जीवरक्षक तराफा) तयार करून ठेवू या का?" वर्गमित्र गप्प.

पोरबंदरचा आग्रह अण्णांच्या तोंडी सहज आला याला थोडा इतिहास आहे. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत ओखामंडळात होते. ओखा बंदर गायकवाडांनी १९२६ च्या सुमारास उभं केलेलं. या घरात सौराष्ट्राचा किनारा म्हणजे आपला, ओळखीचा, पाहुण्यासारखा घेणारा किनारा. जमिनीवरून तो तसा आहेच.

कॅप्टनने नकार दिला. तेव्हा त्याने कारणं फारशी सांगितली नाहीत. "साहेब, आता नाही" एवढंच. नंतर शांतपणे नकाशा काढून पाहिलं तेव्हा ती कारणं अशी दिसतात.

बोट साधारण २०.३ उत्तर, ६७.८ पूर्व इथे होती. पोरबंदर तिथून ईशान्येला. वारा आणि लाटा वायव्येकडून. म्हणजे पोरबंदरचा रोख धरला की लाटा बरोब्बर डाव्या कुशीवर, आडव्या. नुकतीच बोट ज्या अवस्थेत कलंडली ती अवस्था रात्रभर स्वतःहून पत्करायची. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने हाहाकार उडवला, त्यानंतर इंग्लंडात जे प्रयोग झाले त्यांतून एक अंदाजी माप आलं: बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची फुटणारी लाट कुशीवर आली तर ती बोट पार आडवी पाडू शकते, आणि ६० टक्क्यांची पूर्ण उलटवू शकते. आपली बोट १२ मीटरची, म्हणजे पहिला उंबरठा ३.६ मीटरचा. त्या संध्याकाळी लाटा साडेतीन ते चार मीटरच्या होत्या. सगळ्या फुटत नव्हत्या, पण काही फुटत होत्या. शिवाय अंदाजात सांगितलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येऊ शकते.

दुसरं, वेळ. १३० मैल, आडव्या लाटांत पाच नॉट्स, म्हणजे सव्वीस तास. सातला वळले असते तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊला, अंधारात, अनोळखी बंदराच्या तोंडाशी, जाळी टाकलेल्या मच्छीमार बोटींच्या गर्दीतून. आणि तोवर, अण्णांच्याच अंदाजानुसार, वारा पडलेला असणार. ज्यापासून पळायचं ते संपल्यावर पोचणारं बंदर काय कामाचं?

तिसरं थोडं कोरडं आहे. परदेशातून येणाऱ्या बोटीला कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय असलेल्या बंदरातच रीतसर प्रवेश मिळतो, आणि यांचे सगळे कागद मुंबईचे होते. जीव धोक्यात असेल तर कुठेही आश्रय घेता येतो, तिथे कागदांचा प्रश्न नंतर येतो. पण मग जीव धोक्यात आहे हे आधी तटरक्षक दलाला कळवायला हवं, आणि तशी अवस्था नव्हती.

राफ्टच्या प्रश्नावर मात्र कॅप्टन ओरडला, आणि ते बरं केलं. त्याच १९७९ च्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, १५ स्पर्धक मेले. माणसांनी सोडून दिलेल्या बोटी २४ होत्या. त्यांतल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. बुडाल्या त्या पाच. राफ्ट ही पाण्यात बुडणाऱ्या बोटीवरून वर चढून जायची गोष्ट आहे. घाबरून उतरायची नव्हे.

उरले दोन मार्ग

पोरबंदर बाजूला ठेवलं तर दोनच गोष्टी करता येत होत्या. पळत राहायचं, किंवा थांबायचं.

पळत राहण्याच्या बाजूने बोलायला जागा आहे. लाटा पाठीवर घेऊन, अगदी लहान शिडावर, हवं तर मागे लांब दोर सोडून वेग आवरत जाणं हा मान्य मार्ग आहे आणि अनेक अनुभवी लोक तोच आधी निवडतात. पण त्याला प्रत्येक लाटेला सुकाणूवर जागं, तरबेज माणूस लागतो. इथे असे दोन, त्यांतले वर्गमित्र नुकतेच पाण्यात लटकलेले. दुसरी अडचण पुढे वाढून ठेवलेली. साडेसहा नॉट्सने पळत राहिलं तर एकतीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास, बोट बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात. तिथल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं निषिद्ध वर्तुळ, भोवती पुरवठा करणाऱ्या बोटी. दोन रात्री न झोपलेल्या माणसाने तिथून वाट काढायची.

थांबायचं म्हणजे हीव्ह-टू करायचं: मेनसेल तिसऱ्या रीफवर, पुढचं लहान शीड वाऱ्याच्या बाजूला उलटं ताणून, सुकाणूचं चाक वाऱ्याकडे फिरवून बांधून टाकायचं. पुढचं शीड नाक वाऱ्यापासून ढकलतं, मेनसेल आणि सुकाणू वाऱ्याकडे ओढतात. या ओढाताणीत बोट वाऱ्याला तिरकं नाक करून हळूहळू बाजूला सरकत राहते. तिच्या सरकण्याने वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर एक घोटीव पट्टा उमटतो आणि त्यात काही लाटा फुटायच्या आधीच ढेपाळतात. सुकाणूवर कोणी बसावं लागत नाही. यासाठी मोकळं पाणी मात्र भरपूर हवं, आणि तेच इथे होतं. आग्नेयेला दोनशे मैल तरी काही नाही.

कॅप्टनने थांबायचं ठरवलं. सात वाजत आले होते.

वादळी जीब काढायला आणि लावायला पाऊण तास गेला. दोघं पुढच्या डेकवर पोटावर, हार्नेस जीवदोराला अडकवलेले, पाण्याच्या कॅन इकडून तिकडे घरंगळणाऱ्या. हे काम दुपारी दहा मिनिटांचं होतं. मग वळण. पाठीवरच्या लाटांवरून वाऱ्याकडे नाक करायचं तर मध्ये एकदा कुशीवर लाट घ्यावीच लागते. कॅप्टनने मोठ्या लाटांची एक माळ जाऊ दिली, मागच्या सपाट जागेत इंजिन जोरात चालवून बोट फिरवली. ते जमलं.

बोट मात्र थांबेना. नाक सारखं वाऱ्यापासून पडत होतं आणि ती आडवी होऊ पाहत होती. पुस्तकी हीव्ह-टू लांब कीलच्या जुन्या बोटींना जसा साधतो तसा फिन कीलच्या बोटींना साधेलच असं नसतं. त्यांचं नाक हलकं असतं आणि उलटं ताणलेलं लहानसं जीबही त्याला जास्त ढकलतं. वीस मिनिटं खटपट झाल्यावर वर्गमित्र म्हणाले, जीब उतरवूनच बघू. पाऊण तास घालून चढवलेलं शीड उतरवलं. नुसत्या तिसऱ्या रीफच्या मेनसेलवर आणि बांधलेल्या सुकाणूवर बोट वाऱ्याला पन्नासेक अंशांवर ठरली. लॉगबुकमध्ये ८:१५ ची नोंद: 'शांत.' वारा तेव्हा ३४, एका झोताला ४१. वारा पडला नव्हता. बोटीची हालचाल पडली होती, आणि आत बसलेल्याला तेवढंच कळतं.

भाच्याला चमच्याचमच्याने ओआरएस दिलं. मालकांच्या बरगड्या घट्ट बांधल्या नाहीत, कारण तसं केलं की श्वास उथळ होतो; उशी लावून एका कुशीवर निजवलं. कोणीतरी थंडगार थेपले काढले. दोघं दोन-दोन तासांनी आळीपाळीने वर डोकावून जहाजांचे दिवे बघत राहिले, बाकी झोप. अण्णांना नऊला मेसेज गेला: 'थांबलो आहोत, ठीक. पुढचा मेसेज सकाळी ८.'

किनाऱ्यावरची सकाळ

सकाळी आठला मेसेज गेला नाही. अकराला गेला. कारण साधं होतं. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर एका जागी असतात, हातातल्या फोनचा अँटेना त्या दिशेला काही मिनिटं स्थिर धरावा लागतो, आणि डेकवर एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने तो धरणं जमत नव्हतं. बोटीवर याचं कोणालाच काही वाटलं नाही. रात्र निभली होती, सगळे आनंदात होते.

कारेलीबागेतले ते तीन तास वेगळे होते. नऊपर्यंत वाट पाहून अण्णांनी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक कागदावर लिहून काढला आणि फोनवर काय सांगायचं ते खाली लिहायला घेतलं. शेवटची जागा आणि वेळ: होती. माणसं किती: चार. बोटीचा रंग? 'पांढरी असावी.' लांबी फुटांत की मीटरमध्ये? राफ्ट आहे का, किती माणसांचा? आणीबाणीचा संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक काय? यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. बीकन होता, चालू स्थितीत होता, आणि तो दाबला असता तर संदेश उपग्रहातून बंगळुरूच्या केंद्रात पोचून मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राकडे गेला असता. तो दाबला गेलेला नाही ही त्या सकाळची सर्वांत मोठी आश्वासक बातमी होती. पण बीकन आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाला ती बातमी कळणार कशी?

घरात यावर नंतर जो निवाडा झाला तो मला मान्य नाही. निवाडा असा, की अण्णांनी मध्ये पडायला नको होतं, समुद्रातलं समुद्रातल्यांना कळतं. एक गोष्ट या निवाड्यात विसरली जाते. त्याच सकाळी, घाबरलेल्या अवस्थेतही, अण्णांनी साडेपाचच्या नव्या मॉडेल रनचे, म्हणजे संगणकाने नव्याने काढलेल्या अंदाजाचे, आकडे पाहिले. जोराचा वारा आता दहाला न संपता दुपारी चारपर्यंत राहणार होता. अकराला संपर्क झाला तेव्हा कॅप्टन निघायच्या तयारीत होता. आकाश स्वच्छ, दहाची वेळ उलटलेली, वारा २६ वर आलेला. अण्णांनी एवढंच कळवलं: 'वायव्य २८ ते ३० पुन्हा, दुपारी ४ पर्यंत. नंतर झपाट्याने १५.' कॅप्टन थांबला. साडेबाराला वारा पुन्हा ३१ झाला.

म्हणजे एकाच माणसाने सोळा-सतरा तासांच्या अंतराने दोन मेसेज पाठवले. एकाने बोट आडव्या लाटांत जवळजवळ नेली होती, दुसऱ्याने तिला घाईपासून वाचवलं. पहिल्यात सल्ला होता, दुसऱ्यात आकडे. पहिला आला तेव्हा अण्णांसमोर पडद्यावर लाल रंग आणि बंदराचं अंतर होतं. लाटा कोणत्या कुशीवर येतील, पोचायला किती वाजतील, हे त्या पडद्यावर दिसत नाही. ते बोटीवरूनच दिसतं. आणि वहिनींच्या नावाचा मेसेज तर हवामानाबद्दल नव्हताच.

याला सगळा दोष किनाऱ्याचा म्हणणंही सोपं आहे. 'ऑटोपायलट बंद, लाटा मोठ्या' असा अर्धवट मेसेज पाठवून बोटीने घरच्यांच्या हातात भीती दिली, योजना दिली नाही. त्यात आणखी पाच शब्द असते, 'आग्नेयेला मोकळं पाणी, रात्री थांबणार', तर पोरबंदर निघालंच नसतं असं मला वाटतं. पण सहा वाजता कॅप्टनकडे सांगायला योजना नव्हतीच. ती सातला झाली. आणि ती सातला का झाली, याचं उत्तर पुन्हा त्या दुपारच्या सुंदर आठ नॉट्सकडे जातं.

पुढचं

चारनंतर वारा खरोखरच पडला. वीस तासांत बोट आग्नेयेला तीसेक मैल सरकली होती, म्हणजे सरासरी दीड नॉट, तीही बरीचशी मुंबईच्याच दिशेने. हाताने सुकाणू धरत, दोन-दोन तासांच्या पाळ्यांनी ते निघाले. बॉम्बे हायच्या ज्वाळा दुरून बघत दक्षिणेकडून वळसा घेतला आणि आठव्या दिवशी सकाळी मुंबईत शिरले. मालकांच्या एका बरगडीला बारीक तडा निघाला. ऑटोपायलटची मोटर जळली होती.

किनाऱ्यासाठी आता एक पान तयार झालं आहे. बोटीचा रंग, लांबी, राफ्टची क्षमता, बीकनचा क्रमांक, चौघांची वयं आणि औषधं. त्याखाली दोन ओळी कॅप्टनने घातल्या: ठरलेल्या वेळेनंतर बारा तास मेसेज नाही तर १५५४, त्याआधी नाही. आणि किनाऱ्यावरून वाऱ्याची दिशा, जोर, वेळ एवढंच यावं. वहिनींनी त्यावर तिसरी ओळ वाढवून घेतली, की कोणाला लागलं असेल तर ते त्याच दिवशी घरी कळलं पाहिजे, बरगडीबद्दल मुंबईत पोचल्यावर नव्हे. कॅप्टनला ती आवडलेली नाही. त्याचं म्हणणं, असं कळवलं की पुन्हा पोरबंदर सुरू होईल. मालक या वादात कोणत्याच बाजूने बोलत नाहीत, आणि पानावर ती ओळ सध्या आहे.

बोटीवर दोन गोष्टी बदलल्या. वादळी जीब आता पुढच्या डेकला पिशवीतच बांधून ठेवतात, आणि मेनसेलचा तिसरा रीफ कॉकपिटमधून ओढता येईल अशी दोरी टाकली आहे. मार्चमध्ये मुंबईबाहेर पंधरा नॉट्सच्या साध्या वाऱ्यात त्यांनी पुन्हा हीव्ह-टू करून पाहिलं. पहिल्या रीफवर, जीब थोडं उलटं ताणून बोट चांगली ठरली. जीब पूर्ण गुंडाळल्यावर ती सारखी वाऱ्याकडे चढून फिरू लागली, म्हणजे त्या रात्रीच्या उलट. वर्गमित्रांचं म्हणणं, मेनसेल तिसऱ्या रीफवर असताना आणि डोलकाठी-दोरांवर ३५ नॉट्सचा दाब असतानाच जीब नको होतं, हलक्या वाऱ्यात तो हिशेब वेगळा. ते बरोबर असावेत. पंचवीसच्या वाऱ्यात करून पाहायचं ठरलं आहे, पावसाळ्याआधी, दिवसाउजेडी.